विमानातल्या माणसांचं पान

मी सिंधू. आडनाव ऱ्हाऊ द्या, कोथरूडला मला आडनावानं कुणी हाक मारत न्हाई, श्राद्धाच्या स्वयंपाकाच्या सिंधूबाई म्हटलं की झालं. माझं माहेर हिंजवडी. आता हिंजवडी म्हटलं की तुमच्यापुढं काचेच्या कंपन्या येतात, पण माझ्या लहानपणी तिथं भाताची खाचरं व्हती आन् चार म्हशी व्हत्या, आता जिथं कंपनीच्या बसगाड्या रांग लावून उभ्या असतात ना, तिथं माझा बाप गुडघाभर चिखलात उभा ऱ्हायचा. पुढं भावांनी जमीन इकली, बंगले बांधले, मला एक साडी घेतली. चांगली व्हती साडी, न्हाई म्हणत न्हाई मी.

लग्न होऊन आले येरवड्याला. येरवड्याला ऱ्हाते म्हटलं की पुण्याची माणसं इचारतात, आत का बाहेर? मी म्हणते, अजून तरी बाहेर. मालक छापखान्यात व्हते, लग्नाच्या पत्रिका छापायचे. मग तो छापखाना बंद पडला, दोन पोरं शाळेत, तवा शेजारच्या मावशी म्हणाल्या, कोथरूडला एक आक्का हायेत, श्राद्धाचा स्वयंपाक करतात, त्यांना हाताखाली बाई पाहिजे, जातीस का? मी म्हटलं, मेलेल्या माणसांचं जेवण? मावशी म्हणाल्या, अगं खातात जितीच माणसं. म्हणून गेले. दोन बस बदलून जायचं, पहाटे निघायचं, आन् आक्का दारातच इचारायच्या, आंघोळ केलीस का? नुसती का डोक्यावरून? रोज. तेरा वर्षं रोज इचारलं त्यांनी, तेरा वर्षांत मी एकदाबी बिनआंघोळीची गेले न्हाई, पण त्यांनी इचारायचं काय सोडलं न्हाई.

त्यांच्या हाताखाली शिकले मी. वडे, खीर, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी, पानावर काय कुठं वाढायचं, मीठ कुठं, लिंबू कुठं. आक्कांचे हात थरथरायला लागले तशी हळूहळू पळी माझ्याकडं आली. एका घरच्या काकूंनी इचारलं, तुम्ही कुठल्या म्हणायच्या? मी म्हटलं, येरवड्याच्या. त्या म्हणाल्या, तसं नव्हे, मूळच्या? मी म्हटलं, मूळच्या हिंजवडीच्या. मग त्यांनी वडे चार जास्त खाल्ले. या धंद्यात मी टिकले त्याचं कारण सांगू का, जिता माणूस ताटावर बसला की मीठ कमी, तिखट जास्त, पोळी जाड, काय न् काय काढतो. ज्याच्यासाठी मी रांधते तो कधी नावं ठेवत न्हाई.

आता तुम्ही ज्याच्यासाठी आलाय ते सांगते. विमानवाले. आम्ही त्यांना विमानवालेच म्हणतो, त्यांच्यातलं कुणी विमान चालवत न्हाई, त्यांची माणसं विमानात गेली. लई जुनी गोष्ट हाय, साठ वर्षं होऊन गेली असतील, मी तवा पाळण्यात असंन न्हाई तर चार-दोन वर्षांची. दिल्लीहून पुण्याला येणारं विमान, पुणं जवळ आलं म्हणताना ढगात वाट चुकलं आन् डोंगराला धडकलं. कुणी वाचलं न्हाई. कोण कुठला हे ओळखू आलं न्हाई, म्हणून तिथंच डोंगराखाली सगळ्यांना एकत्र अग्नी दिला. बामण, मराठे, कॅम्पातलं एक ख्रिस्ती कुटुंब व्हतं त्यांचा मुलगा, सगळे एका ठिकाणी. अग्नी एकत्र दिला म्हणून मग त्यांच्या माणसांनी ठरवलं की आपण वर्षाचा दिवसबी एकत्र करायचा. दर वर्षी पुण्यात जमतात, त्याला खंड न्हाई. पहिल्यांदा कुणाकुणाच्या घरी जमायचे, आता कोथरूडला एका सोसायटीचा हॉल हाय, खाली पार्किंग, वर गच्ची, तिथं.

हे सगळं चालवतात ते केळकर. बँकेत व्हते, आता रिटायर. त्यांचे वडील व्हते विमानात. केळकरांचा कागद येतो माझ्याकडं महिनाभर आधी, टाइप केलेला, त्यावर लिवलेलं असतं, वेळ ठीक अकरा. ठीक म्हणजे ठीक. खाली लिवलेलं, भाषणे होणार नाहीत. त्याखाली, मोबाइल बंद ठेवण्याची विनंती नाही, सूचना आहे. असा माणूस. पण त्यांच्याशिवाय हे कधीच मोडलं असतं, ते मी मानते. पहिल्यांदा म्हणे तिथी धरायची का तारीख यावरनं अशी जुंपली की दोन वर्षं दोन जेवणं झाली, तिथीवाल्यांचं वेगळं, तारीखवाल्यांचं वेगळं. आन् दोन्हीकडं पोळ्या लाटायला आक्काच. मग तारीख धरली. का, तर कॅम्पातल्या त्या ख्रिस्ती घरच्या बाई म्हणाल्या, तुमची तिथी दर वर्षी हलते, मला रजा काढता येत नाही.

त्यांची एक रीत हाय, ती मी दुसरीकडं कुठं बघितली न्हाई. फोटो न्हाई, हार न्हाई. मधोमध एक पाट, त्यापुढं केळीचं मोठं पान. केळकर उभे ऱ्हातात आन् यादी वाचतात, आधी माणसाचं नाव, मग त्याला आवडायचा तो पदार्थ. मी पातेली घेऊन बसलेली असते, नाव वाचलं की मी तो पदार्थ पानावर वाढते. पुढचं नाव, पुढचा पदार्थ. सगळं एकाच पानावर. आधी म्हणे ज्याचं त्याचं वेगळं पान असायचं, गच्चीवर ओळीनं ठेवायचे, मग कावळा याच्या पानाला आधी शिवला आन् त्याच्या पानाला शिवलाच न्हाई यावरनं म्हातारी माणसं रुसायला लागली. एका बाईंनी तर जाहीर सांगितलं की कावळ्याला तुमच्या बासुंदीचा वास लागतो, आमच्या भाजीला तो न्याय देत नाही. म्हणून एकच पान. मासे मात्र शेजारी छोट्या पानावर, त्यावर तडजोड झालेली हाय. आता कोथरूडला कावळे ऱ्हायलेत कुठं म्हणा, कबुतरंच येतात. कबुतरांना कशाचं काय न्हाई, सगळं खातात.

काय सांगू तुम्हाला, ते पान वाढून झालं की बघण्यासारखं असतं. आपट्यांच्या आजोबांची अळूची भाजी, तिला टेकून केळकरांच्या वडलांची पुरणपोळी, त्यावर कुणाचं तरी ऑम्लेट, हवाई सुंदरी व्हती एक पोरगी, तिला पेरू आवडायचा म्हणून तिखटमीठ लावलेली पेरूची फोड. तीस वर्षं तेच पदार्थ. मला माणसं एकबी म्हाईत न्हाई त्यातलं, तोंड बघितलेलं न्हाई, पण कुणाला तिखट लागायचं आन् कुणाला गोड, ते इचारा. मला काय वाटतं असं तुम्ही मघाशी इचारलंत ना, काय वाटत न्हाई. खरं सांगते. काम हाय. रडायला बसले असते तर पुरणपोळ्या करपल्या असत्या.

त्या यादीत माधव दामले. पदार्थ श्रीखंड. त्यांच्या नावानं येतात त्या दामलेबाई, त्यांच्या पत्नी. आता ऐंशी ओलांडली त्यांनी. शाळेत गणित शिकवायच्या, निम्म्या कोथरूडला पाढे त्यांनीच शिकवले असतील. एकट्या ऱ्हातात, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट न्हाई, पिशवी स्वतः वर नेतात. लग्न झालं तवा एकोणीस वर्षांच्या व्हत्या, आन् अकरा दिवसांत नवरा गेला. आठव्या दिवशी ऑफिसच्या कामाला दिल्लीला गेला, अकराव्या दिवशी येताना हे झालं. सासरच्यांनी मग काय केलं असंल ते तुम्हाला सांगायला नको, पायगुण म्हणाले आन् महिन्याभरात पोरीला माहेरी आणून सोडली. ते सासर नंतर पुणं सोडून गेलं, एकमेकांची तोंडं पुन्हा बघितली न्हाईत. बाईंनी शिक्षण केलं, नोकरी केली, दुसरं लग्न केलं न्हाई. आडनाव दामलेच लावलं. हे त्यांनी मला सांगितलेलं न्हाई हं, त्या कुणाला काय सांगत न्हाईत, हे मला आक्कांनी सांगितलेलं.

दर वर्षी सगळ्यांच्या आधी येतात, पावणेअकराला. पहिल्या रांगेत कडेची खुर्ची. नाव वाचलं, मी श्रीखंड वाढलं, की मान थोडी खाली घालतात, बस. जेवताना मात्र श्रीखंड घेत न्हाईत. मी एकदा वाटी पुढं केली तर म्हणाल्या, नको, ते त्यांचं आहे. आन् श्रीखंडाला मी कधी हयगय केली न्हाई. इकतचा चक्का मला चालत न्हाई, आदल्या दिवशी दही टांगते घरी, येरवड्याला माझ्या मोरीत खुंटी हाय त्यासाठी, नातवंडं तिकडं आंघोळीला गेली की ओरडतात, आजी, तुझं भूत टपकतंय.

तर यंदाचं सांगते. यंदा एक नवीन बाई आल्या. पंचाहत्तरीच्या, गोऱ्या, काठीला टेकत, अंगावर इंदुरी साडी. दारात केळकरांनी इचारलं, आपण कोणाकडून? त्या म्हणाल्या, मी कुमुद, माधव दामल्यांची बहीण. इंदूरला असते, नातू हिंजवडीला कंपनीत आहे, त्याच्याकडे आलेय, पेपरात तुमची छोटी सूचना वाचली, दादाचं नाव दिसलं. केळकरांनी घड्याळ बघितलं आन् म्हणाले, बसा, दोन मिनिटांत सुरू होईल. झालं! साठ वर्षांनी बहीण आली, ह्यांची दोन मिनिटं. मी आतनं बघत व्हते. कुमुदताई मागं बसल्या. दामलेबाई पहिल्या रांगेत, त्यांनी वळून बघितलंच न्हाई, त्यांना म्हाईतच न्हाई कोण आलंय.

यादी सुरू झाली. आपटे, अळूची भाजी. मी वाढली. असं करत करत केळकर म्हणाले, माधव दामले, श्रीखंड. मी पळी बुडवली. तोवर मागनं आवाज आला, कुणाला? दादाला? अहो, दादा दह्याला शिवत नसे. केळकर थांबले. कुमुदताई उभ्याच ऱ्हायल्या, त्यांच्या काय मनात वाईट नव्हतं हो, खरंखुरं नवल वाटलं त्यांना, म्हणाल्या, दही, ताक, श्रीखंड, काही नाही, लहानपणापासून. अंगावर गांधी उठायच्या. घरात ताक घुसळायला घेतलं की तो बाहेर जाऊन बसायचा. श्रीखंड कोणी सांगितलं तुम्हाला?

 सगळ्यांना म्हाईत व्हतं ना कुणी सांगितलं ते. सगळे पहिल्या रांगेकडं बघायला लागले. आन् केळकर, काय म्हणावं त्या माणसाला, केळकर खिशातनं पेन काढून म्हणतात कसे, मग यादीत दुरुस्ती करावी लागेल, त्यांना काय आवडायचं ते सांगा. कुमुदताईंनी लई आठवलं. म्हणाल्या, मी तेव्हा बारा वर्षांची होते. आई काहीतरी करायची खास त्याच्यासाठी. काय बरं... नाही हो आठवत. आई गेली, बाबा गेले, आता सांगणारं कोणी नाही.

तवर दामलेबाई उठल्या. चालत चालत स्वयंपाकघरात आल्या आन् तेलाच्या पालथ्या डब्यावर बसल्या. माझ्या स्वयंपाकघरात मी कुणाला येऊ देत न्हाई, केळकरांना पाणी पाहिजे असलं तरी दाराबाहेरनं मागावं लागतं. पण त्यांना अडवलं न्हाई. पळी तशीच पातेल्यात टाकून मागोमाग आले. म्हटलं, पाणी देऊ? त्या म्हणाल्या, सिंधूबाई, मी खोटं नाही हो सांगितलं.

मग त्या बोलायला लागल्या, आन् तीस वर्षांत जेवढं बोलल्या नव्हत्या तेवढं त्या डब्यावर बसून बोलल्या. म्हणाल्या, पहिल्या वर्षी मला विचारलं, तुमच्या यजमानांना काय आवडायचं? सगळे सांगत होते, कोणी हे सांगे कोणी ते सांगे, आणि माझ्यावर पाळी आली. मला कुठं माहीत होतं? अकरा दिवसांची बायको मी. त्यातले आठच दिवस ते घरात. आधी पुरुषांची पंगत बसायची, सासूबाई वाढायच्या, मी माजघरात. सत्यनारायण होईपर्यंत चुलीला हात लावू दिला नव्हता मला. मी त्यांना एक कप चहासुद्धा करून दिला नाही, सिंधूबाई. ते जेवताना कसे दिसतात ते मी एकदाच पाहिलं, लग्नाच्या पंगतीत. आमच्याकडचा बेत श्रीखंड-पुरीचा होता. बायका म्हणाल्या, घास दे आणि नाव घे. मी श्रीखंडाचा घास दिला, नाव घेतलं, त्यांनी खाल्ला. माझ्याकडे पाहून हसले आणि खाल्ला. मला वाटलं आवडलं. म्हणून मी सांगितलं श्रीखंड. साठ वर्षं मी म्हणत होते की निदान एवढं एक मला त्यांचं माहीत आहे. तेही नव्हतं. मग मी त्यांची कोण हो? नाव तेवढं लावलं आयुष्यभर.

आता सांगते, मला राग आला. कुणाचा ते सांगता यायचं न्हाई, त्या कुमुदताईंचा, त्या दह्याचा, त्या सासूचा, काय म्हाईत न्हाई. आमचे मालक चाळीस वर्षं माझ्या हातचं जेवले, पुढ्यात येईल ते खाल्लं आन् ताट सरकवून उठले, कवा बरं झालंय म्हणून बोलले न्हाईत. त्यांना काय आवडायचं मला सगळं म्हाईत हाय, सुक्कं मटण, वांग्याचं भरीत, शिळ्या भाकरीचा काला, आन् त्या म्हाईत असण्याचं मी काय लोणचं घातलं? आन् ही बाई एका घासावर साठ वर्षं बसली आन् तोबी घास हातातनं काढून घेतला. मी पहिल्यांदाच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हाडं लागली हाताला.

तोवर दारात काठी वाजली. कुमुदताई. त्यांना बाहेर कुणी तरी सांगितलं असंल. त्या आत आल्या, माझ्याकडं बघितलं न्हाई, सरळ बाईंपुढं उभ्या ऱ्हायल्या आन् म्हणाल्या, वहिनी. बाईंनी मान वर केली. वहिनी म्हणून त्यांना साठ वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. कुमुदताई म्हणाल्या, माझं चुकलं, मी सगळ्यांपुढं बोलायला नको होतं, वय झालं तरी जीभ आवरत नाही. बाई म्हणाल्या, नाही, बरं झालं सांगितलंत, चुकीचं होतं ते काढलेलं बरं. मास्तरीण ना शेवटी.

कुमुदताईंनी इचारलं, पण श्रीखंडच का सांगितलंत? तवा बाईंनी पुन्हा सांगितलं, ते पंगतीचं, घासाचं. आन् कुमुदताईंचा चेहरा बदलत गेला बगा. त्या म्हणाल्या, थांबा, थांबा. घास तुम्ही दिलात? श्रीखंडाचा? आन् त्यांनी काठी भिंतीला लावली आन् ओट्याला धरलं. म्हणाल्या, मी करवली होते, वहिनी. दादाच्या शेजारीच बसले होते. पंगत उठली तसा दादा मला घेऊन मांडवामागे हात धुवायला गेला. मान खाजवत होता. लाल लाल झाली होती सगळी मान. ओकला बिचारा तिथं. मी म्हटलं, आईला बोलावू? तर म्हणाला, गप्प बस, कोणाला सांगायचं नाही, वहिनीला तर मुळीच नाही. मी विचारलं, मग खाल्लंस कशाला? तर म्हणाला, ती घाबरली होती गं, हात थरथरत होता तिचा, मी तोंड फिरवलं असतं तर सगळ्यांनी तिलाच नावं ठेवली असती. मग उपरण्याने मान झाकून घेतली आणि परत जाऊन बसला. वहिनी, मी विसरून गेले होते हो. दह्याचं लक्षात राहिलं आणि हे विसरले.

 बाईंनी हळूच इचारलं, ओकले? कुमुदताई म्हणाल्या, चांगले दोनदा. आन् दामलेबाई हसायला लागल्या. तोंडावर पदर धरून, खांदे हलतायत, डोळ्यांतनं पाणी वाहतंय आन् हसतायत, म्हणतायत, अगं बाई, मी त्यांना विषच घातलं की गं. कुमुदताईबी हसायला लागल्या. दोघी एकमेकींच्या गळ्यात. मी गॅस बारीक केला, तेल तापून धूर यायला लागला व्हता.

बाहेर केळकर घड्याळ बघत व्हते, दाराशी येऊन म्हणाले, पुढं सुरू करायचं का? दामल्यांच्या नावापुढं काय लिहू? बाई उठल्या, पदर सारखा केला आन् म्हणाल्या, श्रीखंडच. केळकर म्हणाले, पण त्यांना तर... बाई म्हणाल्या, केळकर, मी सांगते ते लिहा. शाळेतला आवाज. केळकर वरमले.

मग दोघी बाहेर आल्या. मी पातेल्याशी बसले, पळी उचलली, तर बाईंनी हात पुढं केला. मी पळी कुणाच्या हातात देत न्हाई, ती आक्कांची हाय. पण दिली. त्यांनी पळीनं वाटीत श्रीखंड घेतलं, पळी बाजूला ठेवली, पुरीचा तुकडा मोडला, त्यात श्रीखंड घेतलं आन् पानापुढं बसल्या. गुडघे वाकत न्हाईत त्यांचे, कुमुदताईंनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. केळकरांनी यादी उघडली तशी बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. नाव मी घेते, म्हणाल्या. आन् त्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांपुढं, घास हातात धरून, त्यांनी नाव घेतलं:

चांदीच्या वाटीत केशराची काडी,
माधवरावांना घास देते, लागो त्यांना गोडी.

हात थरथरत व्हता. एक क्षण कुणाला कळेना काय करावं, दुःखाच्या दिवशी उखाणा, कुणी ऐकलंय का कवा? मग आपट्यांच्या घरच्या आजी, त्यांना ऐकायला कमी येतं पण उखाणा बरोबर ऐकू आला, त्या जोरात म्हणाल्या, वाऽ! आन् टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. ख्रिस्ती बाईंनीसुद्धा, त्यांना निम्मं कळलं न्हाई तरी. बाईंनी घास पानावर ठेवला. मला रडू आलं. सांगते ना, तीस वर्षांत पहिल्यांदा त्या हॉलमध्ये मला रडू आलं आन् मला त्याची लाज वाटली, कारण अजून सतरा नावं व्हायची व्हती आन् पुऱ्या गार व्हत चालल्या व्हत्या.

जेवायला दोघी शेजारी बसल्या. बाईंनी श्रीखंड घेतलं. दोनदा घेतलं. मला म्हणाल्या, सिंधूबाई, छान करता हो तुम्ही. कुमुदताई म्हणाल्या, मला थोडंसंच, आमच्या घराण्यात ते पचत नाही, पण वाढा.

कुमुदताई इंदूरला परत गेल्या न्हाईत, आता दर गुरुवारी हिंजवडीहून कोथरूडला येतात, नातू सोडतो गाडीनं, तो दुसरा मजला चढतात काठी टेकत टेकत. काय बोलतात मला म्हाईत न्हाई. माधवरावांना काय आवडायचं ते अजून आठवलेलं न्हाई त्यांना, मी इचारलं परवा. बाई म्हणाल्या, राहू दे, नाही आठवलं तरी चालेल.

विमानवाले कमी व्हत चाललेत. पहिल्या रांगेत आता चारच खुर्च्या भरतात, पोरं अमेरिकेत, ती फोनवर बघतात, केळकर त्यांना सांगतात आवाज बंद ठेवा. माझेबी गुडघे गेलेत. सुनेला मी शिकवून ठेवलंय, कुणाचं काय, किती तिखट, किती गोड. ती म्हणते, आई, लिहून द्या, म्हणून केळकरांची नवी यादी मागवली मी, ती आली परवा पोस्टानं. आपटे, अळूची भाजी, आंबट असावी. केळकर, पुरणपोळी, तूप जास्त. सगळ्यांपुढं असं टाइप केलेलं. दामल्यांच्या नावापुढं केळकरांनी लिवलंय, श्रीखंड. आवडत नसे. तरी खाल्ले. एवढंच. सुनेनं इचारलं, आई, हे काय, चुकून छापलंय का? मी म्हटलं, न्हाई, बरोबर हाय, असंच वाचायचं. दामलेबाईंना आयुष्य लाभो, केळकरांनाबी लाभो, आन् ते वाक्य कुणी खोडू नये, माझं दुसरं काय मागणं न्हाई.